वाघाचा वाटा

बेळगाव

वसंताचे कार्ड आले तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. वसंता माझा धाकटा भाऊ. निपाणीच्या पश्चिमेला, घाटमाथ्याला लागून एक लहानशी जहागीर आहे. तिथले जंगल त्याच्या ताब्यात. कार्डावरचा मजकूर एवढाच: 'आक्का, वाघीण बाळंत झाली. दोन पिल्ले आहेत. बाळंतविडा घेऊन नाताळच्या सुटीत ये. या वेळी सबब सांगितलीस तर पुन्हा बोलावणार नाही.'

सबबी मी बऱ्याच सांगितल्या होत्या. परीक्षा, पावसाळा, सासूबाईंचे दुखणे, घराची डागडुजी. सगळ्या खऱ्या होत्या. पण मी त्या सांगत राहिले आणि जे पाहायला तो बोलावत होता ते दरम्यान कमी होत गेले.

ते काय हे आधी सांगते. त्या जहागिरीतल्या काळवटीच्या डोंगरातला शेवटचा वाघ आताच्या जहागीरदारांच्या वडिलांनी मारला. त्याचे कातडे कचेरीच्या भिंतीवर आहे. तोंडातला एक दात लाकडाचा बसवलेला आहे. त्यानंतर डोंगरात डुकरे, सांबरे आणि गवे वाढत गेले. माणसे पिकाची राखण करून टेकीला आली. वसंता तिथे नोकरीला लागला आणि त्याने जहागीरदारांच्या मागे एकच लकडा लावला, वाघ परत आणा. आजूबाजूला वाघ मारणाऱ्याला इनाम मिळत होते, त्यामुळे लोक हसले. पण जहागीरदार हौशी माणूस. कारवारकडच्या रानात खड्डे खणून धरलेले तीन वाघ, एक नर आणि दोन माद्या, पिंजऱ्यांत घालून बैलगाड्यांवरून आणले. एक मादी वाटेतच गेली. उरलेली जोडी काळवटीच्या ओढ्याकाठी सोडली. ती तिथे चांगली रुळली. मग गेल्या उन्हाळ्यात नर हद्दीचा ओढा ओलांडून शेजारच्या संस्थानात गेला आणि तिथे कुणा पाहुण्यांच्या बंदुकीला बळी पडला. आता ती एकटी वाघीण आणि तिची पिल्ले उरली होती. ती जगली तर डोंगरात वाघ राहणार, नाही तर सगळे तिथेच संपणार. वसंताने कार्डावर हे लिहिले नव्हते, पण ते मला कळले.

सामानाची यादी मी नेहमीच करते. या वेळी: खासबागेतल्या मागावरची जाड पासोडी, दोन कंदील (एकाची काच तडकतेच), सुंठ, आयोडीन, वसंतासाठी कुंदा, आणि बाळंतविडा म्हणून डब्यात डिंकाचे लाडू. वाघीण खाणार नव्हती. वसंता खाईल, असा हिशेब होता.

निपाणी

सर्व्हिस मोटरीत सुतगट्टीचा घाट चढेपर्यंत सगळे ठीक होते. संकेश्वरला एक बाई मिरच्यांचे गाठोडे घेऊन आत आली आणि ते पायाखाली फुटले. त्यापुढे निपाणीपर्यंत आम्ही सगळे खोकत आणि डोळे पुसत आलो. शेजारचे एक आप्पा रुमालाआडून म्हणाले, "बाई, कुणी बघितलं तर म्हणंल, ह्या मोटरीत कोण तरी मेलंय."

निपाणीत खोकला थांबला आणि शिंका सुरू झाल्या. गावात शिरताच तंबाखूचा वास नाकाला झोंबतो. वखारींच्या दारांत बायका रांगेने बसून पाने निवडत होत्या, आणि त्यांना मात्र एकही शिंक येत नव्हती. बेळगावात आपण धुराला आणि धुळीला नाक मुरडतो. इथे त्याच उग्र धुळीवर घरे उभी आहेत. धर्मशाळेत भाकरी, मेथीची भाजी आणि लसणाचा ठेचा मिळाला. ठेचा जपून खावा.

पश्चिमेची वाट

वसंताने पाठवलेला गाडीवान म्हादू सकाळी दारात उभा होता. माझे सामान पाहून म्हणाला, "आक्का, ऱ्हायला आलाय का संसार मांडायला?"

"तुझ्या साहेबांना विचार. कंदील त्यांच्याकडे एक तरी धड आहे का?"

"न्हाय बा. एक हाय, त्यो बी रुसलेला."

वेदगंगेच्या काठाने ऊस संपतो, मग भाताची कापलेली शेते लागतात, आणि डोंगर जवळ येतो. वाटेतल्या एका गावात शेताशेतात राखणीचे माळे उभे होते. दोरीला डबडी टांगलेली. एक म्हातारा तिथे बसल्याबसल्या डुलक्या घेत होता आणि मधूनच दोरीला हिसका देत होता. रताळ्याचे एक रान नांगरून काढावे तसे उकरलेले दिसले.

"डुकरं," म्हादू म्हणाला. "ह्यांच्याकडं वाघ न्हाय. मग रातभर हे असं. बायकू घरात, दादला माळ्यावर. पोरं कशी हुत्यात देव जाणं."

जहागिरीची हद्द एका दगडी खांबाने कळते. खांब मागे पडला आणि थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आले की डबड्यांचा आवाज बंद झाला आहे. इथेही भाताची शेते तशीच होती. पण माळे मोडून पडलेले, वेल चढलेले.

"तुमच्यात राखण नाही?"

"आमची राखण ती करती की," म्हादूने डोंगराकडे हनुवटी केली. तो तिचे नाव घेत नव्हता. त्या भागात कुणीच घेत नाही. 'ती' म्हणतात, नाही तर 'वरची बाई'.

काळवटी

वसंता बंगल्याच्या पायरीवर बसला होता. केस पांढरे झाले होते. मी ते बोलून दाखवले तेव्हा म्हणाला, "तू लवकर आली असतीस तर काळे पाहायला मिळाले असते." त्याने लग्न केले नाही, स्वयंपाक स्वतः करतो. नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाचा भात, कुळथाचे पिठले. पिठल्यात मीठ विसरला होता.

दुपारी तो मला ओढ्यावर घेऊन गेला. पौष लागला होता आणि ओढा वाहत होता. तो नोकरीला लागला त्या साली दिवाळीतच इथे नुसते गोटे उरत, असे त्याने सांगितले. काठावर वेळूची बेटे दाट उभी होती आणि त्यांच्या बुडाशी गेल्या पावसातले नवे वेळू, अजून कोवळ्या हिरव्या रंगाचे.

"हे वेळू वाघिणीने लावलेत असे म्हणू नकोस म्हणजे झाले," मी म्हणाले.

"तिने लावले नाहीत. खाऊ दिले नाहीत." तो खाली बसला. "पूर्वी गवे नि सांबरे या पाण्यावर ठाण मांडून असत. फुटलेला कोंब त्यांच्या तोंडातून सुटत नसे. काठ खुरांनी खचले होते, पावसाचे पाणी आले की मातीसकट निघून जाई. ती आल्यापासून जनावर पाण्याला येते, पिते आणि जाते. रेंगाळत नाही. एवढाच फरक."

एवढ्या फरकाने ओढा पौषापर्यंत पोचला होता. मी शाळेत भूगोल शिकवते. मुलींना नदीचा उगम, पाऊस, उतार सांगते. वाघ कधी सांगितला नव्हता.

वाळूत तिचे माग होते. मोठा, बशीएवढा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाटीएवढे लहान. एका लहान मागात अजून पाणी झिरपत होते. एका जागी पिल्लू बसले असावे. शेपटी वाळूत घासल्याची रेघ होती. मी वसंताकडे पाहिले. तो चष्मा पुसत होता.

त्याच्यापाशी आनंद होता, पण स्वस्थता नव्हती. मी विचारले तेव्हा म्हणाला, "दसऱ्यापासून गवळीवाड्यावरच्या पाच म्हशी मारल्यात तिने. आधी वर्षाला एखादी जायची. पिल्ले आहेत, भूक वाढली, हे मान्य. पण इतकी?"

गवळीवाडा

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गवळीवाड्यावर गेलो. चार-पाच गवताची घरे, मधे गोठा, आणि रानाच्या तोंडाशी शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड. ज्ञानू गवळी इथला कर्ता माणूस. तो खवा घेऊन निपाणीच्या बाजारला गेला होता. त्याची बायको सखू घरी होती. आत सून बाळंतीण होती, बाज आणि शेगडी दिसत होती. सखूने ताकाचे भांडे हातात दिले आणि वसंताला म्हणाली, "सायेब, तुमच्या बाईला सांगा की आता बास. माजी चंद्री म्हस बी न्हेली काल परवा."

कुडाच्या भिंतीला म्हशीचे ओले कातडे ताणून वाळत घातले होते.

"हे कशाला?" मी विचारले.

"कचेरीत दावाय लागतंय. कातडं न्हेलं की भरपाई. न्हाय तर म्हंत्यात, तुमची म्हस रोगानं मेली."

वसंता म्हणाला, "नियम दिवाणांचा. पण सही माझी आहे. पहिल्या साली बुळकांडीच्या रोगाने मेलेली जनावरेही लोक वाघाच्या नावावर लावू लागले होते."

"आणि त्याआधी? कातडे काढत नव्हता?"

सखू हसली. "त्याच्या घासाला कोण हात लावतंय? आमच्यात वाघाचा वाटा म्हंत्यात. जनावर मारलं तर बाईमाणसानं जायाचं, शिंगाला हळद लावायची, म्हणायचं, घास घेतलास, आता सालभर फिरकू नगं. आन् मागं न बघता यायचं. त्यो आठ दिस खातोय त्येच्यावर."

"आणि आता?"

"आता बापय गडी जात्यात. झाळीतनं वढून उघड्यावर काढत्यात, कातडं सोलत्यात. तवर गिधाडं बसल्यालीच अस्त्यात. कातडं निघालं की जेवणावळ. दुपारच्याला हाडं."

ती हे सहज बोलून गेली. मी वसंताकडे पाहिले. त्याच्या हातातले ताकाचे भांडे तसेच राहिले होते. वाघीण शिकार झाळीत, दाट झुडपात, लपवते आणि तीवर पिल्लांना घेऊन अनेक दिवस जेवते. माणसांनी ती उघड्यावर ओढली, सोलली, गिधाडांना वाढली. संध्याकाळी ती पिल्लांना घेऊन आली तेव्हा हाडे. मग दुसरी म्हैस. तिचीही भरपाई. तिचेही कातडे.

"वसू," मी म्हणाले, "अख्खे कातडे कशाला? नुसता कान कापून आणू देत. म्हशीचा एक कान गेला म्हणून वाघाचे काही कमी होत नाही."

त्याने ताकाचे भांडे खाली ठेवले. मग म्हणाला, "मी आज कचेरीत जातो."

मी शाळेत अशा गोष्टी रोज करते. फळा डाव्या भिंतीवरून उजवीकडे नेला की मागच्या बाकावरच्या मुलींना दिसतो. मला तेव्हा त्याहून जास्त काही वाटले नाही. परत जाताना निपाणीहून येणारा ज्ञानू वाटेत भेटला. रिकामी पाटी, खांद्यावर घोंगडे. "राम राम सायेब," म्हणाला आणि थांबला नाही.

वसंता संध्याकाळी घोड्यावरून आला तो पोरासारखा हसत. दिवाणांनी ऐकले होते. कान चालणार होता. त्याने व्हरांड्यात एक लाकडी पेटी ठेवली, तिला झाकण बसवले, वर 'कान' असे लिहिले. मी म्हणाले, शाळेच्या मुली पाहतील तर हसून मरतील. त्या दिवशी त्याने पिठल्यात मीठ दोनदा घातले.

झाळी

सकाळी आम्ही गवळीवाड्यावर नवा नियम सांगायला निघालो. वाघोबाच्या दगडाअलीकडे उतारावर वसंता थांबला. गवतात काळे काही पसरले होते. मला वाटले घोंगडी वाळत घातली आहेत. जवळ गेलो तर गिधाडे. काही मेलेली, काही पंख पसरून माना टाकलेली, उडता न येणारी. एकाने आमच्याकडे पाहिले आणि चोच उघडली, पण आवाज आला नाही.

वसंता धावत झाळीत शिरला. मी मागे गेले. आत म्हैस होती. ती कुणी उघड्यावर ओढली नव्हती. कातडे सोललेले नव्हते. शिंगांना हळद लावली होती.

म्हशीजवळच करवंदीखाली एक पिल्लू पडले होते. माझ्या शाळेच्या पिशवीत मावले असते.

वाघीण आम्हाला ओढ्यात सापडली. तहानेने पाण्यापर्यंत आली असावी. पुढचे पाय पाण्यात, मान वाळूवर. वाघ मी पहिल्यांदा पाहिला तो असा. अंगावरच्या पट्ट्यांखाली बरगड्या मोजता येत होत्या, पण पोट भरलेले होते. कितीतरी दिवसांनी ती कुणी न उठवता जेवली होती.

ज्ञानू गोठ्यात धार काढत होता. वसंताने विचारायच्या आधीच तो उठला.

"काल दुपारच्याला तिनं आनिक एक म्हस मारली. सोमल आनला हुता बाजारातनं, उंदराचं इख," तो म्हणाला. "सायेब, म्या कातडं काढलं न्हाय ह्या टायमाला. जुन्या रीतीनं ठिवलं. सखूनं हळद लावली. तिला ठावं न्हवतं."

"ज्ञानू, नियम बदलला. कान आणला तरी चालणार होता."

ज्ञानूला ते आधी कळलेच नाही. वसंताने पुन्हा सांगितले. मग तो खाली बसला. "कवा बदलला?"

"काल."

"काल म्हंजी मी वाटंत भेटलो तवा?"

"त्यानंतर."

"माजी तीनच जनावरं ऱ्हायल्यात," तो म्हणाला. "आमी डोंगर सोडून कुटं जायाचं, सायेब? निपाणीला बिड्या वळाय?" वसंताने ज्ञानूच्या खांद्यावर हात ठेवला नाही, आणि त्याला शिवीही दिली नाही. सखू दारात उभी होती. तिच्या बोटांना अजून हळद होती. ती ती बोटे लुगड्याला पुसत होती, पुन्हा पुन्हा.

मला तिथे उभे राहवेना. मी म्हादूला बंगल्यावर पाठवून लाडवांचा डबा मागवला आणि तो सखूच्या हातात दिला.

"आमास्नी?" ती म्हणाली. "आज? आमास्नी कशाला, आक्का?"

"बाळंतिणीसाठीच केलेत. तुझ्या सुनेला दे."

तिने घेतला. झाकण उघडले नाही.

परत

कचेरीतून निरोप आला, वाघिणीचे कातडे पाठवा. वसंताने तोवर तिला आणि पिल्लाला ओढ्याकाठी लाकडे रचून जाळले होते. कातडे नासले होते असे त्याने कळवले. ते खरे नव्हते.

दुसऱ्या पिल्लाचे माग पुढचे काही दिवस सकाळी वाळूत दिसत. वसंताने झाळीत मारलेला बोकड ठेवला, त्याला कुणी शिवले नाही. शिकार कशी करायची हे पिल्लाला अजून कुणी शिकवले नव्हते. मी निघाले त्या दिवशी वाळू कोरी होती. वसंता तरी ओढ्यावर बसून राहिला. मला पोचवायला गाडीपर्यंत आला नाही, आणि ते मी मनाला लावून घेतले नाही.

ज्ञानूवर त्याने कचेरीत तक्रार केली नाही. कारण विचारले तर म्हणाला, "सही माझी होती ना."

आता या पावसाळ्यानंतरची हकीकत. काळवटीच्या ओढ्यावर सांबरे आणि गवे पुन्हा ठाण मांडून बसले आहेत, असे वसंता लिहितो. या साली फुटलेले कोंब जमिनीबरोबर खाल्ले गेले. ओढा दिवाळीनंतर आटला. हद्दीच्या खांबाच्या आतल्या बाजूलाही माळे उभे राहिले आहेत. ज्ञानूने आपला माळा बांधला तेव्हा वेळू विकत आणावे लागले. व्हरांड्यातली पेटी अजून तिथेच आहे. तिच्यात एकही कान आला नाही. वसंता तीत खिळे ठेवतो.

तिकडे कुणी जाणार असेल तर सोय सांगून ठेवते. बेळगावहून निपाणीला सकाळची मोटर धरावी, खिडकीची जागा घ्यावी आणि मिरचीवाल्या बाईपासून दूर बसावे. निपाणीहून बैलगाडी मिळते. पासोडी हवीच. पाणी उकळून घ्यावे, कारण ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यांचे पाणी आता गढूळ असते. झोपताना कानात कापूस घालावा, डबडी रात्रभर वाजतात. कंदील एक पुरे. पूर्वी गेले असते तर मी लिहिले असते की दिवस मावळल्यावर ओढ्याकडे एकट्याने जाऊ नये. आता खुशाल जावे. काही भीती नाही.